बार्बेराबरोबर काही खाऊ नये

ऑफिसात सगळे त्याला जाणकार म्हणत. आधी हे थट्टेत सुरू झालं, मग सवयीने चालू राहिलं, आणि पुढे पुढे नव्याने लागलेल्या मंडळींना ते त्याचं आडनावच वाटायला लागलं. परदेशातून येणाऱ्या वाइनच्या बाटल्यांच्या गळ्यात बांधायच्या चिठ्ठ्या तो लिहायचा. चव कशी, वास कसा, सोबत काय खावं. तळहाताएवढी चिठ्ठी, चाळीस शब्द आणि खाली तिरक्या अक्षरांत 'आमच्या जाणकाराकडून'. गावातली खाऊनपिऊन सुखी माणसं गेली बारा वर्षं या चिठ्ठ्या वाचून पाहुण्यांना काय वाढायचं ते ठरवत होती.

आता यात गंमत एवढीच की या बारा वर्षांत जाणकाराने वाइन प्यायलीच नव्हती.

म्हणजे एकदा प्यायली होती, कामावरच्या पहिल्याच दिवशी. मालकांनी हौसेने ग्लास पुढे केला, याने ऐटीत दोन घोट घेतले आणि अर्ध्या तासात तोंड भोपळ्याएवढं झालं. डोळ्यांच्या जागी नुसत्या फटी राहिल्या. डॉक्टरांनी सुई टोचली आणि बजावलं, "द्राक्षं खा हवी तेवढी, रस प्या. पण आंबवलेला रस पोटात गेला तर पुढच्या वेळी घसा बंद होईल, मग माझ्याकडे यायचीही गरज उरणार नाही." त्याने मालकांना सांगितलं, दाढ सुजली होती. खरं सांगण्याचा विचार मनात आला नाही असं नाही. पण त्याआधी तो कपडे धुण्याच्या पावडरीच्या पुड्यांवरचा मजकूर लिहीत होता, आणि डाग या विषयावर माणसाला आयुष्यात जेवढं म्हणण्यासारखं असतं तेवढं त्याचं म्हणून झालं होतं. नोकरी नवी, लग्न नवं. तो मूग गिळून गप्प बसला आणि दुसऱ्या दिवशी गोदामात गेला.

गोदाम ऑफिसच्या मागे, अंगण ओलांडून. तिथे गोदामकाका असायचे. त्यांना तिथे अठरा वर्षं झाली होती, आता तीस होत आली. नवा माल आला की त्यातली एक बाटली उघडून बूच कुजलं नाही ना, वाइन आंबून गेली नाही ना, हे तपासायचं त्यांचं काम. काका ही तपासणी दुपारी एकला, जेवताना करत. उपाशीपोटी वाइन प्यायला आपण काही सिनेमातला नट नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. खोक्यावर वर्तमानपत्र, त्यावर काकूंनी दिलेला तीन खणांचा डबा आणि बाजूला काचेचा साधा पेला. समोरच्या खोक्यावर वही घेऊन जाणकार.

"काका, कशी आहे?"

"तोंडाळ आहे, पण मनाने वाईट नाही."

जाणकार लिहायचा: सुरुवातीला धारदार, मागाहून ऊबदार.

"आणि वास?"

"आमच्या जुन्या कपाटाचा खालचा खण उघडला की येतो ना, तसा."

जाणकार लिहायचा: जुनं लाकूड, सुकलेली फुलं, जपून ठेवलेल्या वस्त्रांची आठवण.

सोबत काय खावं हा प्रश्न तर त्याहून सोपा होता. डब्यात जे असेल ते. काकूंनी भाजलेली वांगी दिली असतील, तर चिठ्ठीवर वांग्यांचा धुरकट गर यायचा. लसणीवर परतलेली अळंबी असली, की 'जंगलाच्या तळाशी उगवणाऱ्या सगळ्याशी हिचं जमतं' असं व्हायचं. कालची उरलेली डाळ असली तर जरा जास्त डोकं चालवावं लागे, पण जाणकार तेही चालवायचा. अशा रीतीने गावातल्या बड्या बड्या घरांत बारा वर्षं शनिवारचं जेवण काकू ठरवत होत्या, आणि याचा पत्ता गावालाही नव्हता आणि काकूंनाही नव्हता.

यात फसवणूक आहे असं जाणकाराला सुरुवातीला वाटायचं. मग कमी वाटायला लागलं. मग त्याला अगदी प्रामाणिकपणे असं वाटायला लागलं की आपण चवीतले खरेच जाणकार आहोत, फक्त तोंड तेवढं दुसऱ्याचं वापरतो. लग्नकार्यांत नातेवाईक त्याला कोपऱ्यात गाठून सल्ला विचारत आणि तो डोळे अर्धवट मिटून देत असे. बायकोला सगळं ठाऊक होतं. अशा वेळी ती समोरून निघून जायची, कारण तिला हसू आवरत नसे.

उत्तर इटलीतल्या एका छोट्या मळ्यातून बार्बेरा पहिल्यांदा आली, त्या वर्षी सगळं रीतसर झालं होतं. बार्बेरा हे द्राक्षाचंही नाव आणि वाइनचंही. रंग जांभळ्याच्या जवळ जाणारा, तुरटपणा बेताचा, आंबटपणा मात्र ठसठशीत. काका एक घोट घेऊन म्हणाले होते, "आंबट चेरी. खाल्ल्यावर डोळा मिटतो ना, तशी. हिला एकटीला सोडू नये, जेवणात बसवावी." त्या दिवशी डब्यात टोमॅटोच्या रश्श्यातले मांसाचे गोळे होते. काकांनी रश्श्यात पाव बुडवला, वर एक घोट घेतला आणि पावाने डबा पुसून लख्ख केला. जाणकाराने लिहिलं, 'आंबटाला आंबट भेटलं की दोघांचं भांडण मिटतं. टोमॅटोचा रस्सा, चरबी सुटलेलं सॉसेज, जुनं चीज. पोट भरून जेवा.' चिठ्ठी बरी होती. माल बेताचा खपला.

दुसऱ्या वर्षीचा माल आला तेव्हा काका आठवडाभर रजेवर होते. परत आले त्या दिवशी एकला जाणकार वही घेऊन हजर. खोक्यावर वर्तमानपत्र होतं, पेला होता, बाटली उघडी होती. डबा नव्हता.

"आज डबा नाही?"

"नाही," काका म्हणाले. "आता डबा नाही."

"मग हिच्यासोबत काय?"

"काही नाही."

जाणकाराने पेन थांबवलं. बारा वर्षांत असं उत्तर आलं नव्हतं. त्याला अंगावर काटा आल्यासारखं झालं, लेखकाला हवं ते वाक्य समोरून चालत यावं आणि आपण दार उघडं ठेवलेलं असावं, तसं. तो हळू आवाजात, जवळजवळ आदराने म्हणाला, "आणि चव?"

काकांनी घोट घेतला. "आंबट असेल. मला नीट लागत नाही. लागते आणि जाते. मग बराच वेळ काहीच नाही."

जाणकार बराच वेळ मान खाली घालून बसून राहिला. तो शब्द जुळवत होता. जाताना त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला, कारण वाक्य जमलं होतं.

चिठ्ठी अशी छापून आली: 'या बार्बेराबरोबर काही खाऊ नये. समोर रिकामं ताट ठेवावं आणि बसावं. आंबटपणा येतो आणि जातो. मग बराच वेळ काहीच नाही. त्या काहीच नसण्यात बसून राहावं.'

गाव वेडं झालं. लोक एकमेकांना रिकाम्या ताटांवर बोलवायला लागले. यजमान पांढरी शुभ्र ताटं मांडत, मधे बाटली ठेवत आणि सगळे गप्प बसत. ज्या घरांत नवरा-बायको एरवीही जेवताना बोलत नसत, त्यांना तर हा प्रकार फारच सोयीचा पडला. रिकाम्या पोटी इतकी आंबट वाइन गेल्यावर छातीत जे जळतं, त्याला लोक अनुभव म्हणू लागले. एका निवृत्त न्यायाधीशांनी पत्र पाठवलं की बऱ्याच वर्षांनी आत काहीतरी हललं. जाणकाराने ते पत्र बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांना जेवायला घाला म्हणावं कुणीतरी."

पुढच्या सहा वाइनही तशाच गेल्या. जाणकार रोज एकला गोदामात जाई, विचारी, "आज सोबत काय, काका?" काका म्हणत, "काही नाही," किंवा कधी, "सकाळी अर्धा पाव खाल्ला." तो लिहून घेई. ऑफिसात चर्चा सुरू झाली की जाणकाराची लेखणी आता एका निराळ्या टप्प्यावर पोचली आहे, तिने सगळं अनावश्यक टाकून दिलं आहे. मालकांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. दोन महिने तो जमिनीपासून वीतभर वर चालत होता.

आणि मग चिठ्ठीची बातमी इटलीत पोचली आणि बार्बेराच्या मळ्याच्या मालकीणबाईंचं पत्र आलं. सत्तरीच्या बाई, आजोबा-पणजोबांपासून बार्बेरा करणाऱ्या. पत्रात मायना नव्हता. 'माझी वाइन लोकांना उपाशी ठेवून पाजणारा माणूस मला बघायचा आहे. सोळा तारखेला दुपारी येते. त्याच्या शेजारी बसून पिईन.'

मालक हर्षाने वेडे झाले. त्यांना त्या पत्रात नुसती उत्सुकता दिसली. "अरे, सबंध मळ्याचा माल आपल्याला मिळेल! तू तिच्या शेजारी बसायचं, तिच्या डोळ्यांत बघून एकेक घोट घ्यायचा आणि चिठ्ठीतलं सगळं तोंडाने सांगायचं. पटलं तिला, की तू इथला मुख्य आस्वादक." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि नाही पटलं, तर तुला ठाऊक आहे, माझं नाव जाईल. माझं गेलं की तुझंही."

जाणकार तसाच घरी आला. सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा डागांकडे जायचं म्हणजे काय, याचा विचारही त्याला करवेना. प्यायलो तर घसा बंद, नाही प्यायलो तर नोकरी बंद. बायको म्हणाली, "अहो, सांगून टाका ना. वाइन सोसत नाही हा काय गुन्हा आहे?"

"बारा वर्षांपूर्वी नव्हता," तो म्हणाला. "आता आहे."

शेवटी त्याने काकांनाच गळ घातली. काळ्या द्राक्षांचा रस दाट करून बार्बेराच्या एका रिकाम्या बाटलीत भरायचा. वाढायला काका उभे राहतील. सगळ्यांना खऱ्या बाटलीतून, जाणकाराला या बाटलीतून. दोन्ही बाटल्या पांढऱ्या रुमालात गुंडाळलेल्या, कुणाला कळायची सोय नाही. काकांनी ऐकून घेतलं. वाळले होते जरासे, हे जाणकाराच्या लक्षात आलं, पण त्याला वाटलं उन्हाळ्याने असेल.

"तुझ्यासाठी करतो," काका म्हणाले. "तू माझ्यासाठी काय केलंस ते मला ठाऊक आहे."

आपण काकांसाठी नेमकं काय केलं, हे जाणकाराला आठवेना. पण वेळ आभार मानून घेण्याची होती, चौकशी करण्याची नव्हती.

सोळा तारखेला वरच्या मजल्यावरच्या खोलीत लांब टेबल मांडलं गेलं. मालकांनी चिठ्ठीबरहुकूम तयारी केली होती. आठ खुर्च्या, आठ ग्लास, आठ रिकामी पांढरी ताटं. मालकीणबाई आल्या त्या काठी टेकत, एका दुभाषी बाईला घेऊन. ही दुभाषी आपल्या कामाला इतकी जागणारी होती की कुणी घसा खाकरला तरी ती एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघायची. मालकीणबाई खुर्चीत बसल्या, ताटाकडे बघितलं, ताट उचलून खाली काही लपवलंय का तेही बघितलं आणि काहीतरी म्हणाल्या.

"त्या विचारतायत, जेवण कधी येणार," दुभाषी म्हणाली. "त्या सकाळपासून उपाशी आहेत."

मालक हसले. त्यांना तो विनोद वाटला. त्यांनी खूण केली आणि काका पुढे झाले. मालकीणबाईंच्या ग्लासात वाइन, मग मालकांच्या, मग बाकीच्यांच्या. मग हात मागे गेला, दुसरी बाटली आली आणि जाणकाराचा ग्लास भरला. रंग झकास जमला होता. जाणकाराने डोळे अर्धवट मिटले, ग्लास नाकाशी नेला. त्याचा उच्छ्वासही तालमीत बसवलेला होता.

तेवढ्यात मालकीणबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि ग्लास काढून घेतला. स्वतःचा त्याच्या हातात दिला.

"त्यांच्या घरात पहिला घोट शेजारच्याच्या ग्लासातला घेतात," दुभाषीने सांगितलं. "आजोबा म्हणायचे, म्हणजे कुणी कुणाला वाईट पाजणार नाही."

कुणी काही बोलायच्या आत बाईंनी घोट घेतला. तोंडात फिरवला. थांबल्या. पुन्हा वास घेतला आणि ग्लास टेबलावर असा ठेवला की ताट वाजलं. एकच शब्द बोलल्या.

"सरबत," दुभाषी म्हणाली. मग कर्तव्य म्हणून पुढे म्हणाली, "रागाने."

मालकांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. त्यांनी तो ग्लास उचलून चाखला आणि गर्रकन वळले ते काकांकडे. "काका! बाटली तुम्ही उघडलीत ना? तीस वर्षं हेच एक काम आहे तुम्हाला! नाक कुठे गहाण टाकलंत?"

काकांच्या हातात रुमालात गुंडाळलेली बाटली होती. त्यांनी जाणकाराकडे बघितलंसुद्धा नाही. "चूक झाली साहेब," ते म्हणाले.

"वय झालंय तुमचं. उद्यापासून घरी बसा."

"बरं," काका म्हणाले.

जाणकाराला त्या क्षणी मोठा धीर वगैरे आला असं नाही. गप्प बसलं तर सगळं निभावेल हे त्याला अगदी स्वच्छ दिसत होतं. काका सहा महिन्यांनी निवृत्त होणारच होते, हेही त्याच्या मनात येऊन गेलं, आणि ते आलं याची त्याला इतकी लाज वाटली की तो उभाच राहिला.

"साहेब, काकांचा दोष नाही. रस मी भरला. मला वाइन सोसत नाही, प्यायलो तर घसा सुजतो. बारा वर्षांत मी एकही वाइन चाखलेली नाही." शब्द भराभर येत होते, आणि पहिल्यांदाच त्यांची संख्या मोजलेली नव्हती. "चव सगळी काकांची. सोबतचं जेवण काकूंच्या डब्यातलं. लिहिलं तेवढं मी."

दुभाषीने सगळं सांगितलं, डब्यासकट. मालकीणबाईंनी जाणकाराला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं, मग काठीचं टोक काकांकडे वळवलं.

"म्हणजे माझ्या वाइनबरोबर काही खाऊ नये असं तुम्ही सांगितलंत?"

काकांनी बाटली टेबलावर ठेवली, रुमालाची घडी घातली.

"मी कशाला सांगू, बाई? हिला जेवणात बसवावी, एकटी सोडू नये, हे मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. पण माझी बायको वारली. तीन महिने होत आले. मी तिचं सगळं आटपून कामावर आलो, तर डबा नाही, आणि तोंडाला चवही नाही. आंबट लागतं का गोड, काही कळत नव्हतं. याने विचारलं, सोबत काय. मी म्हटलं, काही नाही."

मालकांनी खुर्चीची पाठ धरली. काकांच्या रजेच्या अर्जावर 'घरगुती कारण' लिहिलेलं होतं आणि त्याखाली मंजुरीची सही मालकांचीच होती.

"या ऑफिसात मला कुणी काही विचारलं नाही," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "कामं असतात सगळ्यांना. पण हा पोरगा मी परत आलो त्या दिवसापासून समोर येऊन बसला. गप्प बसला, माझ्यापेक्षा जास्त. जाताना खांद्यावर हात ठेवला. मग रोज यायचा, आज काय खाल्लंत विचारायचा आणि लिहून ठेवायचा. मी अर्धा पाव खाल्ला, तरी लिहायचा. असं कोण करतं? आणि मग ती चिठ्ठी आली. मी वाचली आणि मला कळलं, हे त्याने तिच्यासाठी लिहिलंय. नाव न घेता. गावातली मोठमोठी माणसं रिकामी ताटं घेऊन गप्प बसली. एवढा मान कुणाच्या बायकोला मिळतो, सांगा?"

दुभाषीला हे सांगायला वेळ लागला. मधे दोनदा तिने डोळे पुसले, त्याचं मात्र भाषांतर केलं नाही.

आणि मग जाणकाराच्या नशिबाचे सगळे फासे एकदम सरळ पडले. मालकीणबाई उठल्या, काकांच्या दोन्ही गालांना हात लावला, मग येऊन जाणकाराचा हात दोन्ही हातांत धरला. आजवर आपल्या वाइनवर लोकांनी खूप लिहिलं, पण दुसऱ्याच्या दुःखासाठी तिला कुणी उपास करायला लावला नव्हता, असं त्या म्हणाल्या. मळ्याचा सगळा माल त्यांनी तिथल्या तिथे कबूल केला. मालक म्हणाले, "अरे, तू न पिता हे करतोस? मग तर कमालच आहे! काका, तुम्ही कुठे जात नाही आहात. बसा, इथे बसा, याच्या शेजारी." समोरच्या खानावळीतून जेवण मागवलं गेलं. काकांना खुर्ची मिळाली. नोकरी राहिली, मान वाढला, बारा वर्षांचं ओझं उतरलं, आणि हे सगळं खरं बोलल्यामुळे झालं असं तिथल्या प्रत्येकाचं मत होतं.

जाणकाराला मात्र घास उतरेना. समोर गरम रस्सा होता, पाव होता, सगळे मोठमोठ्याने बोलत होते. तो त्या दोन महिन्यांची पानं मनातल्या मनात उलटत होता. 'सोबत: काही नाही.' 'सोबत: अर्धा पाव.' 'सोबत: काही नाही.' एवढं सगळं स्वतःच्या हाताने लिहूनही त्यातलं एक अक्षर त्याने वाचलं नव्हतं. काकूंच्या हातचं त्याने गावभर जेवायला घातलं आणि काकू गेल्या हे त्याला आज, या टेबलावर कळलं होतं. त्याला स्वतःची किळस आली. वाइनचं खोटं सांगून टाकणं सोपं गेलं, कारण ते सगळ्यांना आवडण्यासारखं होतं. हे दुसरं एकाच माणसाला सांगायचं होतं, आणि तो माणूस शेजारी बसून त्याच्या ताटात पाव वाढत होता.

गप्प बसणं त्याला चांगलं जमायचं. बारा वर्षं जमलं होतं. पण आज जीभ सैल सुटली होती, आणि खरं बोलल्याचं कौतुक ताजं होतं.

"काका," तो अगदी हळू म्हणाला, "मला काकूंचं ठाऊक नव्हतं."

काकांचा हात थांबला.

"मी डबा बघत होतो. तुमच्याकडे नव्हतो बघत. रोज यायचो ते चिठ्ठीसाठी यायचो."

काकांनी पावाचा एक तुकडा मोडून हातात धरला. टेबलाच्या त्या टोकाला मालक कसलातरी किस्सा सांगत होते आणि दुभाषी तो भाषांतरित करत होती.

"आणि ती चिठ्ठी?"

"ती वाइनची होती."

काकांनी मान हलवली. राग दिसला नाही. तुकडा ताटाच्या कडेला ठेवून त्यांनी बोटं पुसली.

"खरं बोललास, बरं केलंस," ते म्हणाले. "पण दोन महिने गावात कुणीतरी तिच्यासाठी जेवत नव्हतं रे. आणखी चार दिवस तसंच राहू दिलं असतंस, तर तुझं काय बिघडलं असतं?"